टेनरल म्हणजे काय, आणि हा शब्द कुठे लावावा, कुठे लावू नये

प्रश्न थोडक्यात असा: चतुराच्या एका नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर जातीच्या नावापुढे 'टेनरल मादी' असं लिहिलेलं आहे. हे वय आहे, रंगप्रकार आहे, की एखादी उपजात? आणि डासांवरच्या किंवा त्सेत्से माशीवरच्या लेखनात हाच शब्द वेगळ्या अर्थाने आल्यासारखा का वाटतो?

शेवटची कात टाकून किंवा कोशातून नुकताच बाहेर आलेला, पण अंगावरचं कवच अजून कडक न झालेला आणि पुरता रंग न भरलेला प्रौढ कीटक म्हणजे टेनरल. लॅटिनमध्ये 'टेनर' म्हणजे कोवळा, त्यावरून हा शब्द आला. मराठीत 'कोवळा प्रौढ' म्हटलं तरी चालतं, फक्त त्यातला 'प्रौढ' गाळू नका. अंडी, अळी, कोश, प्रौढ या साखळीत टेनरल ही पाचवी कडी नाही. तो प्रौढच असतो, वाढ संपलेली असते, पंख आलेले असतात. राहिलेलं असतं ते कवचाचं काम.

म्हणूनच हा शब्द तासांच्या किंवा दिवसांच्या हिशोबाने लावता येत नाही. एखादी छोटी माशी दोन-तीन तासांत टेनरलपणातून बाहेर पडते, तर झाडाच्या सालीखालचे काही भुंगेरे आठवडेच्या आठवडे फिकट आणि मऊ राहतात. एकाच जातीतही थंडीत हा काळ लांबतो, उबेत आखडतो. 'बाहेर येऊन सहा तास झाले' ही नोंद उपयोगाची आहेच, पण ती टेनरल या शब्दाची व्याख्या होऊ शकत नाही. कवच मऊ आहे का, रंग भरला आहे का, पंख पक्के झाले आहेत का, हे पाहूनच शब्द लावायचा.

कवच पक्कं होतं म्हणजे आत काय घडतं

हे समजलं की पुढचे बहुतेक गोंधळ आपोआप सुटतात. नवं कवच जुन्या कातीच्या आतच तयार होतं. तिथे जागा कमी, त्यामुळे ते मऊ आणि घड्या पडलेलं असावंच लागतं, नाहीतर कात फोडून बाहेर निघताच येणार नाही. बाहेर आल्यावर कीटक हवा गिळतो, पोटाचे स्नायू आवळतो आणि शरीरातल्या द्रवाचा दाब वाढवतो. त्या दाबाने चुरगळलेले पंख ताणले जातात, पोट लांबतं, छाती फुगते. आकार नीट आला की मग तो तसाच पक्का करायचा.

पक्कं करण्याचं काम रासायनिक आहे. टायरोसिन या अमिनो आम्लापासून डोपा, डोपापासून डोपामाइन आणि त्यापासून एन-असिटाइल-डोपामाइन व एन-बीटा-अलानिल-डोपामाइन अशी दोन संयुगं बनतात. ती कवचात पोचल्यावर लॅकेज-२ हे विकर (एन्झाइम) त्यांचं ऑक्सिडीकरण करून क्विनोन तयार करतं आणि ही क्विनोन कवचातल्या प्रथिनांना एकमेकांशी जखडून टाकतात. पाणी बाहेर पडतं, थर कडक होतो आणि बहुधा त्याच ओघात गडदही. बहुधा म्हणण्याचं कारण असं की कडकपणा आणि रंग यांचे रस्ते शेजारून जातात, पण एक नसतात. फळमाशीच्या 'एबनी' या उत्परिवर्तनात डोपामाइनपासून बीटा-अलानिल-डोपामाइन बनत नाही, तेव्हा माशीचं अंग नेहमीपेक्षा काळं होतं. उलट बाजूला, पूर्ण पक्क्या झालेल्या कवचाचा रंगही कित्येक जातींत फिकटच असतो. तेव्हा फिकट दिसला की टेनरल, हे समीकरण सोडून द्या.

या सगळ्याची सुरुवात करून देणारं संप्रेरक म्हणजे बर्सिकॉन. 1962 साली फ्रेंकेल आणि शाओ यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे कॉट्रेल यांनी, मांसमाशीवरच्या प्रयोगांतून ते दाखवून दिलं. नुकत्याच बाहेर आलेल्या माशीची मान दोऱ्याने आवळली की मागचं शरीर फिकट आणि मऊच राहतं. मात्र आधीच काळी पडू लागलेल्या माशीचं रक्त त्यात टोचलं तर ते गडद होतं. म्हणजे कवच पक्कं करणारं काहीतरी रक्तातून फिरत होतं, आणि ते सोडण्याचा डोक्याकडून येणारा इशारा आवळलेल्या मानेमुळे अडला होता. पुढे 2004-05 च्या सुमारास हे संप्रेरक दोन प्रथिनांची जोडी असल्याचं उघड झालं. व्यवहारात याचा अर्थ असा की कवच निव्वळ वाऱ्याने सुकत नाही. 'पंख वाळवतोय' हे आपण सवयीने म्हणतो, पण वाऱ्याचा झोत देऊन टेनरल अवस्था लवकर उरकता येत नाही. उलट अर्धवट ताणलेले पंख त्या आधीच कोरडे पडून वाकडे राहण्याची भीती असते.

पंखाचं वेगळं सांगायला हवं. पंख म्हणजे दोन पातळ पापुद्रे, मध्ये पेशींचा थर. पंख ताणून झाले की त्या पेशी मरतात, त्यांचे अवशेष छातीकडे वाहून नेले जातात आणि दोन्ही पापुद्रे एकमेकांना चिकटून एक होतात. हे होईपर्यंत पंख दुधाळ, ओलसर दिसतो. त्या वेळात पडलेली घडी कायमची राहते, कारण पुढे कडक होताना ती घडीसकट कडक होते.

आणखी एक बारकावा आहे, तिथे जाणकारही अडखळतात. शरीराचे सगळे भाग एकाच वेळी पक्के होत नाहीत. नखं, जबडे, बाहेर पडायला लागणारे काटे हे आधीच, जुन्या कातीत असतानाच कडक झालेले असतात, कारण बाहेर येण्याच्या कामाला तेच लागतात. त्यामुळे पायाची नखं काळी आहेत एवढ्यावरून 'हा टेनरल नाही' असं म्हणता येत नाही. आणि कवचाचा बाहेरचा थर पक्का झाला तरी आतले थर पुढे कित्येक दिवस भरत राहतात. टोळांमध्ये पंख फुटल्यापासून लांब पल्ल्याचं उड्डाण जमेपर्यंत दहा दिवसांपर्यंत जाऊ शकतात. टेनरलपणाची शेवटची सीमा पुसट असते ती यामुळेच.

चतुर आणि टाचण्यांत ओळखायचं कसं

चतुर म्हणजे ड्रॅगनफ्लाय, आणि टाचणी म्हणजे त्याची सडपातळ नातेवाईक डॅम्सलफ्लाय. हा शब्द सगळ्यात जास्त वापरला जातो तो इथे. पाण्यातलं पिल्लू काडीवर चढतं, पाठ उकलते, डोकं-छाती-पाय बाहेर येतात आणि मग बराच वेळ सगळं थांबतं. चतुरांच्या पुष्कळ जाती या टप्प्यावर उलट्या लटकतात, टाचण्या सरळ उभ्या राहतात. हा थांबा पायांसाठी असतो. पाय धरण्याइतके घट्ट झाले की तो वर वळून स्वतःच्याच कातीचं डोकं पकडतो आणि पोट ओढून घेतो. त्यानंतर पंख ताणले जातात, मग पोट लांबतं आणि शेपटाच्या टोकातून स्वच्छ पाण्याचे थेंब गळतात. लहान टाचणीचं हे सगळं तास-दोन तासांत उरकतं. मोठ्या चतुरांना कित्येक तास लागतात आणि उष्ण प्रदेशातले बरेच मोठे चतुर हे काम रात्रीच करून पहाटे उडून जातात.

पाहायच्या खुणा अशा. पंखांवर नव्या सेलोफेनसारखी चकाकी असते, आणि उजेड तिरपा पडला की इंद्रधनुषी झाक दिसते. पंखाच्या टोकाजवळच्या जाड ठिपक्याला टेरोस्टिग्मा म्हणतात. प्रौढात तो गडद किंवा ठाशीव रंगाचा असतो, टेनरलमध्ये पांढुरका किंवा फिकट पिवळसर. डोळे धुरकट वाटतात. पोटावरचे पट्टे असतात, पण त्यांच्या कडा विरलेल्या दिसतात. उडणं डळमळीत: उठवलं तर फडफडत जरा वर जातो आणि जवळच्या झुडपावर जाऊन बसतो, पाण्याकडे वळत नाही.

बसण्याची ढब ही चतुरांमध्ये फार भरवशाची खूण आहे. पक्का चतुर पंख आडवे पसरून बसतो. पंख पाठीवर मिटून बसलेला चतुर दिसला तर तो अगदी ताजा, पहिल्या उड्डाणाआधीचा आहे असं धरायला हरकत नाही. उडण्याच्या जरा आधी तो पंख उघडतो आणि मग ते सहसा परत तसे मिटत नाहीत. टाचण्यांना मात्र ही खूण लावू नका, त्यांच्यातल्या बहुतेक आयुष्यभर पंख मिटूनच बसतात.

जात ओळखताना टेनरलने फसवण्याचं कारण रंग. कित्येक नरांचा निळा किंवा राखाडी रंग हा अंगावर मागाहून चढणाऱ्या मेणकट भुकटीचा असतो. ती नसताना नर मादीसारखा पिवळट-तपकिरी दिसतो, आणि रंगावर बेतलेली ओळखतक्ती तुम्हाला भलत्याच जातीवर नेऊन सोडते. अशा वेळी रंग सोडून रचनेकडे जायचं: पंखांतल्या शिरांची मांडणी, नराच्या शेपटाकडचे आकडे, पोटाच्या दुसऱ्या खंडाखालचे दुय्यम जननभाग, मादीचं अंडी घालण्याचं अवयव. आकार ताणून झाल्यावर हे भाग फारसे बदलत नाहीत. त्यांवरूनही ठरत नसेल तर प्रजातीपर्यंत (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) थांबून 'टेनरल' लिहिणं हेच बरोबर उत्तर.

नुकता बाहेर आलेला आणि म्हातारा, दोघेही फिकट दिसू शकतात. फरक पंखांच्या कडांत आहे. म्हाताऱ्याच्या कडा झिजलेल्या-फाटलेल्या, पडदा तपकिरी किंवा मळकट, भुकटीवर ओरखडे, आणि टेरोस्टिग्मा पक्क्या रंगाचा. टेनरलचे पंख अखंड असतात. वाकडे असतील, पण फाटलेले क्वचित.

टेनरल संपला म्हणजे प्रजननक्षम झाला, असंही नाही. मधल्या काळाला उत्तर-टेनरल किंवा नुसतं अपक्व प्रौढ म्हणतात. कवच पक्कं आहे, शिकार जोरात चालू आहे, पण रंग आणि जननग्रंथी पुऱ्या तयार नाहीत. हा काळ काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत. 'टेनरल' आणि 'अपक्व' एकाच रकान्यात कोंबले की माहितीचा निम्मा उपयोग जातो. अपवादही आहेत. इश्नुरा ऑरोरा या चिमुकल्या टाचणीत नर अजून कोवळ्या, टेनरल माद्यांशीच समागम करतात. म्हणजे 'टेनरल म्हणून समागम अशक्य' हा नियमही छातीठोकपणे सांगू नये.

शेजारचे शब्द, आणि नेहमीच्या चुका

ढालकिड्याचं उदाहरण घ्या, कारण यात चूक सहज होते. सात ठिपक्यांचा ढालकिडा कोशातून निघतो तेव्हा त्याचे पुढचे कडक पंख फिक्कट पिवळे आणि बिनठिपक्यांचे असतात. डोकं आणि मानेमागची ढाल मात्र काळीच असते. मागचे पातळ पंख झाकणांखालून बाहेर लोंबत असतात. काही तासांत ठिपके उमटतात, पिवळ्याचा नारिंगी होतो, आणि खरा लाल पुढे कित्येक आठवडे गडद होत जातो. त्या पहिल्या तासांत फोटो निघाला की 'पिवळा ढालकिडा, वेगळी जात' अशी नोंद होते. शेजारी रिकामा कोश चिकटलेला आहे का आणि मागचे पंख बाहेर आहेत का, हे पाहिलं की प्रश्न सुटतो.

पांढऱ्याशुभ्र झुरळाला आणि सिकाडाला लोक 'अल्बिनो' म्हणतात. जवळपास नेहमीच ते नुकतेच कात टाकून आलेले असतात, झुरळ काही तासांत तपकिरी होतं. अल्बिनो म्हणजे रंगद्रव्य बनवण्याचीच क्षमता नाही. टेनरलमध्ये ते बनायचं आहे. झुरळाबाबत आणखी एक कुसपट: पांढरं झुरळ पिल्लू असेल तर काटेकोर अर्थाने ते टेनरल नाही, कारण ती शेवटची कात नव्हे. काही लेखक प्रत्येक कातीनंतरच्या मऊ काळाला 'टेनरल' म्हणतात, अगदी कोळ्यांमध्येही. ती चूक म्हणता येणार नाही, पण तसं वापरायचं तर 'टेनरल पिल्लू' असं पूर्ण लिहावं. नुसतं 'टेनरल' वाचलं की वाचक प्रौढच समजतो.

'कॅलो' हा दुसरा शब्द भुंगेरे, मुंग्या आणि मधमाश्या अभ्यासणाऱ्यांचा. अर्थ तोच, पण ओघ निराळा. मुंग्यांच्या वारुळातल्या फिकट, मऊ कामकरी मुंग्यांना सहसा टेनरल म्हणत नाहीत, कॅलो म्हणतात. त्या बाहेर फिरत नाहीत, आत पिल्लांजवळ असतात. एकाच वसाहतीत पिवळ्या आणि काळ्या अशा 'दोन जाती' दिसल्या तर आधी ही शंका घ्यावी. सालीखालच्या भुंगेऱ्यांतही कॅलोच रूढ आहे. फुलपाखरांच्या बाबतीत दोन्ही शब्द क्वचित येतात, तिथे 'नुकतंच कोशाबाहेर आलेलं' एवढंच पुरतं.

'फॅरेट' म्हणजे टेनरलच्या आधीची पायरी: प्रौढ पूर्ण तयार आहे, पण अजून जुन्या आवरणाच्या आत आहे. हा शब्द हिंटन यांनी 1946 साली रुळवला. पारदर्शक झालेल्या कोशातून पंखांचे रंग दिसतात तो फॅरेट प्रौढ. आवरण फुटून तो बाहेर आला की टेनरल.

आणि मेफ्लाय. त्यांच्यात पिल्लू पाण्यातून वर येऊन धुरकट पंखांचा एक उडता जीव होतो, आणि तो पुन्हा एकदा कात टाकून चकचकीत पंखांचा अंतिम प्रौढ होतो. मधल्या जीवाला सबइमॅगो म्हणतात. धुरकट पंख, फिकट अंग, दुबळं उड्डाण पाहून त्याला टेनरल म्हणायचा मोह होतो, पण ते चूक. सबइमॅगोची कात अजून बाकी आहे, टेनरलची संपलेली आहे. त्याच्या पंखांच्या कडेला सहसा बारीक केसांची झालर असते, तेवढी भिंगाखाली पाहा.

त्सेत्से, डास आणि फळमाशी

त्सेत्से माशीच्या क्षेत्रात शब्दाचा अर्थ खरोखरच सरकलेला आहे. तिथे टेनरल म्हणजे बाहेर आल्यापासून पहिलं रक्त न प्यायलेली माशी. कवच एव्हाना बऱ्यापैकी घट्ट झालं असलं, तरी रक्त मिळेपर्यंत ती टेनरल, आणि एकदा प्यायली की बिगर-टेनरल. हा भेद कशासाठी? एक तर त्सेत्सेचे उड्डाणाचे स्नायू पहिल्या काही जेवणांनंतरच पुरते भरतात. दुसरं आणि मोठं कारण, पहिल्याच रक्ताबरोबर ट्रिपॅनोसोम (निद्रारोगाचा सूक्ष्म परजीवी) पोटात गेला तर माशीला लागण होण्याची शक्यता नंतरच्या वयापेक्षा जास्त असते. यालाच टेनरल परिणाम म्हणतात. प्रत्यक्ष कामात पकडलेल्या माशीची छाती हलकेच दाबून मऊपणा पाहतात, आणि डोकं दाबून कपाळावरची पिशवी बाहेर येते का ते बघतात. टिलिनम नावाची ही पिशवी माशी कोशाचं झाकण ढकलायला वापरते. नंतर कपाळ घट्ट झालं की ती बाहेर काढता येत नाही. त्सेत्सेवरचा मजकूर वाचताना 'टेनरल'च्या जागी मनात 'अजून न प्यायलेली' असं वाचलं की अर्थ लागतो.

डासांमध्ये नेहमी भेटणारा शब्दप्रयोग म्हणजे 'टेनरल साठा': अळीपणी खाल्लेल्यातून उरलेली चरबी, ग्लायकोजेन आणि प्रथिनं, जी डास बाहेर येताना सोबत घेऊन येतो. अळ्यांची गर्दी किंवा उपासमार झाली की हा साठा घटतो, आणि मादीची पहिली अंडी, नराचं झुंडीतलं उडणं, सगळ्यावर त्याचा परिणाम होतो. मोजायचा असेल तर पहिला घोट मिळण्याआधीच नमुना गोठवायला हवा. पिंजऱ्यात साखरपाण्याचा बोळा आधीच ठेवलेला असेल तर जे मोजलं जाईल ते अळीकडून आलेलं राहत नाही, आणि हे आकड्यांवरून नंतर कळतही नाही.

नर डासांची एक खासियत ध्यानात ठेवावी. बाहेर आल्यावर साधारण दिवसभरात त्यांचा जननभाग 180 अंशांत फिरतो, तोवर ते समागम करू शकत नाहीत. ताज्या नर-माद्या एकत्र सोडून 'समागम होत नाही' म्हणणाऱ्याने आधी दिवस मोजावेत. कीटकनाशकांच्या चाचण्यांतही कोवळे डास चालत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या नळीचाचणीत 3 ते 5 दिवसांच्या, रक्त न प्यायलेल्या माद्या घेतात. अपक्व कवचामुळे आणि कमी-जास्त साठ्यामुळे मृत्यूचे आकडे वर-खाली होऊ नयेत, हा त्यामागचा एक हेतू.

फळमाशीच्या प्रयोगशाळेत टेनरल म्हणजे रोजचं काम, कारण कुमारी माद्या वेगळ्या काढायच्या असतात. 25 अंश सेल्सिअसला मादी पहिले साधारण 8 तास नराला स्वीकारत नाही, 18 अंशांना हा अवधी सुमारे 16 तासांपर्यंत जातो. म्हणून बाटली आधी पूर्ण रिकामी करायची, एकही माशी मागे ठेवायची नाही, आणि 25 अंशांना 8 तासांच्या आत पुन्हा वेचायचं. रात्रभर ठेवायची असेल तर 18 अंशांत. फिकट, लांबट अंग, न उलगडलेले पंख आणि पोटाच्या खालच्या बाजूने दिसणारा गडद ठिपका, म्हणजे कोशातल्या काळाची साठलेली विष्ठा, इतकं दिसलं की मादी कुमारी आहे याबद्दल शंका नको. मिकोनियम नावाचा हा ठिपका पहिल्या काही तासांपुरताच दिसतो.

इथे एक चूक वारंवार होते. नराच्या पोटाचं टोक काळं असतं, या खुणेवर नर-मादी वेगळे केले जातात. पण टेनरल नराचं टोक अजून काळं झालेलंच नसतं. तो माद्यांच्या बाटलीत जातो आणि सगळी तुकडी वाया जाते. टेनरलमध्ये फक्त नराच्या पुढच्या पायावर असणारा काळा दाट कंगवा पाहावा, नाहीतर सरळ जननभाग. शिवाय अशा माश्या ओलसर अन्नावर आडव्या पडल्या की पंख चिकटतात ते कायमचे. कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध केल्यावर बाटली आडवी ठेवावी आणि त्या शुद्धीवर आल्या की मगच उभी करावी.

हाताळणं, पाळणं, जतन करणं

पक्का चतुर धरायचा तर चारही पंख पाठीवर एकत्र करून दोन बोटांत धरतात, त्याला काही होत नाही. टेनरलला असं धरलं तर पंख एकमेकांना चिकटतात, बोटांच्या खुणा पडतात आणि तो पुन्हा नीट उडत नाही. त्याला हात न लावणं हेच उत्तम. हलवायचाच असेल तर ज्या काडीवर बसला आहे ती काडीच उचला.

घरात किंवा प्रयोगशाळेत बाहेर पडणारे कीटक असतील तर तीन गोष्टी सांभाळा. धरायला खरखरीत उभा पृष्ठभाग हवा, गुळगुळीत काचेवरून ते घसरून पडतात. खाली लटकायला पंखांच्या लांबीपेक्षा जास्त मोकळी जागा हवी, आणि पंख ताणले जात असताना डबा हलता कामा नये. तिसरी गोष्ट ओलावा. हवा फार कोरडी झाली तर जुनी कात सुकून पायाला किंवा पंखाला धरून बसते, फार दमट झाली तर डब्याच्या भिंतीवरच्या थेंबात पंख चिकटतात. एका कोपऱ्यात ओला बोळा आणि वर जाळीचं झाकण एवढ्याने बहुतेकांचं भागतं. अडकलेली कात ओढून काढण्याचा मोह टाळा. तिच्याबरोबर अजून मऊ असलेला पाय निघून येतो.

संग्रहासाठी टेनरल नमुना म्हणजे डोकेदुखी. मारून टोचल्यावर पोट चपटं होतं, डोळे आत बसतात, छाती आक्रसते, आणि मूळ आकार कधीच मिळत नाही. चतुरांचा रंग टिकवायला ॲसिटोनमध्ये बुडवतात, पण कोवळ्या नमुन्यातून ते पाणी झपाट्याने ओढतं आणि तो चुरगळतो. उपाय साधा आहे: थांबा. पाळून मिळवलेले कीटक लगेच मारू नका. छोट्या परजीवी गांधीलमाश्यांना एक दिवस द्या, भुंगेऱ्यांना दोन-तीन दिवस, मोठ्यांना आठवडाही. अंधारात आणि थंडाव्यात ठेवले तर धडपडून पंख फाडत नाहीत. मात्र फार गार ठेवलं तर कवच पक्कं होणंही रेंगाळतं. थांबणं शक्य नसेल तर 70 ते 80 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावं. पंख आत गोळा होतात, पण शरीर वाचतं. डीएनएसाठी पाय काढून ठेवायला टेनरलही चालतो.

टेनरलसोबत त्याची रिकामी कात जपा, त्याच डब्यात आणि त्याच क्रमांकाने. पिल्लाचं रूप कोणत्या प्रौढाचं हे सिद्ध करायला याहून सोपा पुरावा नाही, आणि कित्येक जातींच्या बाबतीत तो अजून हवा आहे.

नोंदीत हा शब्द आला की काय समजायचं

पाणवठ्यावर चतुराची कात मिळाली तर ती जात तिथेच वाढली हे पक्कं. पंख मिटलेला, कातीवर बसलेला टेनरल म्हणजे तेवढाच पक्का पुरावा. पण पहिलं उड्डाण झालेला टेनरल पाण्यापासून लांब गवतात सापडला, तर तो कुठल्या पाण्यातून आला हे त्याच्यावरून सांगता येत नाही. दोन्हींना नुसतं 'टेनरल' लिहिलं तर पुराव्याचा हा फरक बुजतो.

खुणा करून पुन्हा पकडण्याच्या अभ्यासात टेनरल सरळ वगळावेत, किंवा निदान वेगळे मोजावेत. एक तर हाताळण्यानेच त्यांतले बरेच मरतात, आणि जे वाचतात ते पहिल्या उड्डाणात ती जागाच सोडून जातात. दोन्ही गोष्टी गणितात 'मृत्यू' म्हणून जमा होतात आणि जगण्याचं प्रमाण खोटं कमी येतं.

न्यायवैद्यक कीटकशास्त्रात हाच शब्द उलट फार मोलाचा ठरतो. मृतदेहाजवळ चुरगळल्या पंखांची, राखाडी, धातूसारखी चमक नसलेली माशी आणि रिकामे कोश मिळाले, तर माशीची किमान एक पिढी तिथे पुरी झाली असं म्हणता येतं, आणि मृत्यूनंतरच्या किमान काळाचा अंदाज अळ्यांवरून काढलेल्या अंदाजापेक्षा बराच मागे जातो. पण चमक नसल्यामुळे तीच माशी दुसऱ्या कुळातली समजून बाजूला टाकली जाते, किंवा पक्की झालेली, बाहेरून उडत आलेली माशी तिथलीच धरली जाते. म्हणून अशी माशी जिवंत मिळाली तर एक अल्कोहोलमध्ये आणि एक डब्यात पक्की व्हायला, अशा दोन ठेवाव्यात. पहिली अवस्थेचा पुरावा, दुसरी जातीचा.

चिठ्ठी लिहिताना शब्दामागे निकष लिहा. 'टेनरल मादी, पंख मिटलेले, टेरोस्टिग्मा पांढुरका, कात सोबत, सकाळी 6.40' एवढं लिहायला अर्धा मिनिट लागतो. प्रश्नातल्या चिठ्ठीसारखं फक्त 'टेनरल मादी' असेल तर एवढंच धरा: ती प्रौढ मादी आहे, रंगावर विसंबू नका, आणि जातीचं नाव ज्याने लिहिलं त्याने ते रंगावरून लिहिलं की पंखांच्या शिरांवरून, हे नमुना भिंगाखाली घेऊन स्वतः तपासा.